नेदरलँड्सचा बेसबॉल संघ: कधी कोण खेळतं, आणि निकाल असे का लागतात

युरोपात बेसबॉल गांभीर्याने खेळणारे देश मोजकेच. त्यांत नेदरलँड्सचं नाव सर्वांत वर. 2021 पर्यंत या संघाने युरोपियन अजिंक्यपद 24 वेळा जिंकलं, 2011 साली तो जगज्जेता झाला, आणि वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या राष्ट्रीय संघांच्या जागतिक स्पर्धेत 2013 व 2017 अशी सलग दोनदा उपांत्य फेरी गाठली. याच संघाने जपानकडून 16-4 असा मार खाल्ला आहे, आणि 2023 च्या क्लासिकमध्ये तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला. निकालांची नुसती यादी वाचली तर या संघाचा अंदाज लागत नाही. कारण सोपं आहे: नारिंगी गणवेश तोच असतो, पण स्पर्धा बदलली की आतली माणसं बदलतात. कोणती स्पर्धा कोणत्या महिन्यात होते, अमेरिकेतले व्यावसायिक खेळाडू तिथे येऊ शकतात का, आणि चांगले पिचर (चेंडू टाकणारे) कितव्या सामन्यापर्यंत पुरतात, हे कळलं की इतिहास उलगडू लागतो.

बेसबॉल न पाहिलेल्यांसाठी थोडी तयारी. सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन आउट झाले की डाव बदलतो, म्हणजे पूर्ण सामन्यात प्रत्येक संघाला 27 आउट मिळतात. चेंडू टाकणारा पिचर, त्याच्यासमोर बसून चेंडू पकडणारा कॅचर. फलंदाज मैदानावरचे तीन बेस (थांबे) ओलांडून घरी, म्हणजे सुरुवातीच्या जागी परतला की एक रन. फटका मारून सुरक्षितपणे बेस गाठला तर तो हिट, आणि चेंडू मैदानाबाहेर टोलवला तर होम रन. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो आणि तो पुन्हा परत येतो. बेसबॉलमध्ये एकच पिचर थकेपर्यंत टाकत राहतो, आणि एकदा बदलला की त्या सामन्यात परत येत नाही. त्याच्या खांद्यावर एवढा ताण पडतो की पूर्ण ताकदीने टाकल्यावर त्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते. त्यामुळे दोन आठवड्यांत सात-आठ सामने असतील तर एक उत्तम पिचर असून भागत नाही, चार-पाच लागतात. नेदरलँड्सचं घोडं बहुतेक वेळा इथेच अडतं.

डच लोकांकडे हा खेळ आला तो अॅमस्टरडॅमच्या ग्रासे नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकामुळे. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तो पाहिला आणि परतल्यावर लोकांना शिकवला. 1912 साली राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, 1922 साली लीग सुरू झाली, आणि 1934 साली राष्ट्रीय संघ शेजारच्या बेल्जियमविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. खेळ रुजला मुख्यतः अॅमस्टरडॅम, हार्लेम आणि रॉटरडॅम या पट्ट्यात, आणि आजही बलाढ्य क्लब तिथलेच आहेत.

सुरुवातीला अडचण होती तंत्राची. नियम पुस्तकातून कळतात, पण पिचरने वजन कसं टाकायचं, कर्व्ह, म्हणजे वळणारा चेंडू, कसा सोडायचा, हे बघूनच शिकावं लागतं. हान उर्बानुस या पिचरला 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या वसंतातल्या सराव शिबिराला जायची संधी मिळाली. तिथे शिकलेलं त्याने मायदेशी आणलं आणि डच पिचिंग एकदम पुढच्या पातळीवर गेलं. युरोपियन अजिंक्यपद 1954 साली सुरू झालं. पहिलं इटलीने आणि दुसरं स्पेनने जिंकलं, पण 1956 मध्ये नेदरलँड्स पहिल्यांदा जिंकलं आणि 1965 पर्यंत त्याने सात विजेतेपदं मिळवली. माझ्या मते त्या वर्चस्वाचं मोठं श्रेय या एका शिबिरातून आलेल्या ज्ञानाला द्यायला हवं.

दुसरी मोलाची गोष्ट म्हणजे घरच्या मैदानावर मोठ्या संघांना बोलावणं. 1961 पासून हार्लेममध्ये बेसबॉल सप्ताह भरतो, आणि 1985 साली रॉटरडॅममध्ये जागतिक बंदर स्पर्धा सुरू झाली. क्युबा, अमेरिका, जपान, तैवान इथले संघ या स्पर्धांना येत राहिले. युरोपातल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांना दहा-दहा रनांनी हरवून फलंदाज घडत नाही. ताशी 140 ते 150 किलोमीटरने येणारा चेंडू दरवर्षी समोर यावा लागतो. ती सोय या स्पर्धांनी केली.

इटलीने 1970 च्या दशकात वेगळा मार्ग शोधला. अमेरिकेत जन्मलेले, पण इटालियन वंशामुळे नागरिकत्व मिळू शकणारे खेळाडू त्यांनी संघात घेतले आणि 1975, 1977, 1979 अशी सलग तीन अजिंक्यपदं जिंकली. त्यानंतर कित्येक वर्षं युरोपचं विजेतेपद या दोघांतच फिरत राहिलं. नेदरलँड्सकडेही असाच एक साठा होता, तोही परका नसलेला.

नेदरलँड्सचं राज्य युरोपातच संपत नाही. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याजवळची अरुबा आणि क्युरासाओ ही कॅरिबियन बेटं त्याच राजसत्तेखाली आहेत आणि तिथल्या लोकांचं नागरिकत्व डचच आहे. त्यांना राष्ट्रीय संघात घ्यायला वंशाचा पुरावा शोधावा लागत नाही. क्युरासाओची लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम शहराएवढी. पण तिथे मुलांच्या हातात लहानपणीच ग्लव्ह येतो. 2004 साली या बेटाच्या विलेमस्टाड शहरातल्या मुलांनी लिटल लीग या लहान मुलांच्या बेसबॉलची जागतिक स्पर्धा जिंकली. 1989 साली हेन्सली म्यूलेन्स न्यूयॉर्क यांकीजकडून खेळला आणि अमेरिकेच्या मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये पोहोचलेला क्युरासाओचा पहिला खेळाडू ठरला. सात वर्षांनी, 1996 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, तिथल्याच 19 वर्षांच्या अँड्रू जोन्सने फलंदाजीच्या पहिल्या दोन खेपांना दोन होम रन मारले. त्यानंतर अमेरिकी क्लबांचे निरीक्षक बेटावर ठाण मांडून बसू लागले. अँड्रेल्टन सिमन्स, जोनाथन स्कूप, ओझी अल्बीज हे क्युरासाओचे, झांडर बोगार्ट्स अरुबाचा. यांपैकी बहुतेक इन्फिल्डर, म्हणजे बेसांजवळचे क्षेत्ररक्षक आहेत, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) किंवा दुसऱ्या बेसवर खेळणारे. त्या तोडीचे, सामन्याची सुरुवात करणारे पिचर बेटांवर फार कमी तयार झाले. ही उणीव पुढच्या प्रत्येक स्पर्धेत दिसते.

खेळाडू डच असला तरी तो मिळेलच असं नाही. मेजर लीगचा हंगाम मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो आणि त्या काळात क्लब खेळाडूंना सोडत नाहीत. ऑलिंपिक ऐन हंगामात, युरोपियन अजिंक्यपद साधारण सप्टेंबरात, जुना विश्वचषक ऑक्टोबरच्या आगेमागे. या तिन्ही ठिकाणी दिसणारा डच संघ म्हणजे देशातल्या लीगमधले खेळाडू आणि अमेरिकेतल्या खालच्या लीगमध्ये धडपडणारी तरुण मुलं. फक्त वर्ल्ड बेसबॉल क्लासिक मार्चमध्ये, हंगामापूर्वीच्या सरावाच्या दिवसांत होते, म्हणून तिथे मेजर लीगची नावं दिसतात. तिथेही प्रत्येक क्लब खूश नसतो, विशेषतः पिचर सोडायला.

ऑलिंपिकमधली डच कामगिरी पदकांच्या हिशोबात साधी आहे. 1996 मध्ये अटलांटाला पाचवा क्रमांक, 2000 मध्ये सिडनीला पुन्हा पाचवा, 2004 मध्ये अथेन्सला सहावा. पण सिडनीतला एक दिवस बेसबॉलच्या इतिहासात राहिला. क्युबाने 1992 आणि 1996 मध्ये प्रत्येकी नऊपैकी नऊ सामने जिंकून सुवर्ण मिळवलं होतं आणि सिडनीत पहिले तीन जिंकले होते. सलग 21 विजयांनंतर चौथ्या सामन्यात नेदरलँड्सने त्यांना 4-2 ने हरवलं. त्या ऑलिंपिकमध्ये दोन बदल झाले होते: व्यावसायिकांना परवानगी मिळाली आणि अॅल्युमिनियमऐवजी लाकडी बॅट आली. अॅल्युमिनियमच्या बॅटवर कडेला लागलेला चेंडूही लांब जातो, लाकडावर तो मेलेला उडतो. त्यामुळे फलंदाजीतल्या दादा संघांची धार कमी झाली आणि शिस्तीने टाकणाऱ्या पिचरला संधी मिळाली. म्यूलेन्स त्या डच संघात होता.

2006 मध्ये क्लासिक सुरू झाली आणि तिच्यासोबत पिचरच्या चेंडूंवर मर्यादा आली. मेजर लीगच्या क्लबांना आपले महागडे खांदे जपायचे होते. त्या वर्षी पहिल्या फेरीत 65, दुसरीत 80 आणि शेवटच्या टप्प्यात 95 चेंडू. 50 किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती, 30 किंवा जास्त टाकले तर एक दिवस. समोरच्या फलंदाजाची खेळी सुरू असताना मर्यादा गाठली तर ती खेळी पूर्ण करता येते. नेहमीच्या सामन्यात चांगला पिचर शंभराच्या आसपास चेंडू टाकतो, त्यामुळे 65 मध्ये चार-पाच इनिंग निघाल्या तरी पुष्कळ.

हे लक्षात घेतलं की सॅन हुआनमध्ये 10 मार्च 2006 ला शेरॉन मार्टिसने काय केलं ते कळतं. क्युरासाओचा हा 18 वर्षांचा मुलगा पनामाविरुद्ध उतरला आणि त्याने एकही हिट दिला नाही. नेदरलँड्सची आघाडी दहा रनांची झाली. सात इनिंगनंतर दहा रनांचा फरक असेल तर सामना तिथेच थांबतो, असा नियम आहे. सातव्या इनिंगमध्ये पनामाचा एक खेळाडू बेसवर असताना मार्टिसला डबल प्ले मिळाला, म्हणजे एकाच चेंडूवर दोन आउट, आणि सामना 10-0 ने संपला. त्याचे चेंडू झाले बरोबर 65. क्लासिकमधला हा पहिला नो-हिटर. क्युबा आणि पोर्तो रिकोकडून हरल्यामुळे संघ मात्र पुढे गेला नाही.

2009 साली खरी खळबळ झाली. पुन्हा सॅन हुआन, आणि गटात डोमिनिकन रिपब्लिक: डेव्हिड ऑर्टिझ, होझे रेयेस, हॅनली रामिरेझ, पेड्रो मार्टिनेझ अशा नावांचा संघ. डच संघाचा व्यवस्थापक होता रॉड डेलमोनिको. पिचिंगची शिकवणी होती बर्ट ब्लायलेव्हनकडे. हा नेदरलँड्समधल्या झेस्ट गावात जन्मला, कॅलिफोर्नियात वाढला आणि मेजर लीगमध्ये त्याने 287 विजय मिळवले. 7 मार्चला नेदरलँड्सने डोमिनिकन संघाला 3-2 ने हरवलं. शेवटच्या इनिंगमध्ये विली टावेरास हा वेगवान धावपटू तिसरा बेस चोरायला, म्हणजे फटका नसतानाच धावून गाठायला निघाला आणि डच कॅचरने त्याला अचूक फेकीने टिपलं. त्या कॅचरचं नाव केन्ली जॅन्सन. काही महिन्यांतच त्याच्या क्लबने त्याला पिचर केलं आणि पुढे तो मेजर लीगच्या उत्तम क्लोजरांपैकी, म्हणजे शेवटी येऊन सामना संपवणाऱ्या पिचरांपैकी एक झाला.

त्या वर्षी गटात दोनदा हरेपर्यंत संघ बाद होत नव्हता. त्यामुळे 10 मार्चला हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले, आणि आता हरणारा घरी जाणार होता. दहा इनिंग दोघांचंही खातं उघडलं नाही. अकराव्यात डोमिनिकन संघाने एक रन काढला. नेदरलँड्सच्या डावात अरुबाच्या युजीन किंगसेलने हिट मारून बरोबरी साधली. मग युरेंडेल डी कास्टरचा फटका पहिल्या बेसवर विली आयबारला पकडता आला नाही आणि किंगसेल घरी आला. 2-1. नेदरलँड्स दोन्ही सामन्यांत मिळून फक्त पाच रन काढून जिंकलं. जिथे फलंदाजीत तुलनाच नाही, तिथे समोरच्याला दोन रनांच्या आत ठेवायचं आणि चुकीची वाट बघायची, हाच मार्ग उरतो. डच पिचरांनी चेंडू खाली ठेवला, फुकट बेस (चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला आयता मिळणारा पहिला बेस) कमी दिले, आणि जगातल्या सर्वांत महागड्या फलंदाजीला जमिनीवरून मारायला लावलं.

दुसऱ्या फेरीत व्हेनेझुएलाने 3-1 आणि अमेरिकेने 9-3 हरवलं.

यानंतर 2011 चा विश्वचषक, पनामात. ही स्पर्धा 1938 मध्ये सुरू झाली. पहिल्या वर्षी फक्त ब्रिटन आणि अमेरिका असे दोन संघ होते आणि पाच सामन्यांची मालिका ब्रिटनने 4-1 जिंकली होती. त्यानंतर 73 वर्षं एकाही युरोपीय देशाला हा चषक मिळाला नव्हता, तर क्युबाने तो 25 वेळा नेला होता. मेजर लीगचे खेळाडू नव्हते, पण खालच्या लीगमधले बोगार्ट्स आणि स्कूप होते, तेव्हा दोघंही 19 वर्षांचे. व्यवस्थापक ब्रायन फार्ली. 15 ऑक्टोबरला अंतिम सामन्यात नेदरलँड्सने क्युबाला 2-1 ने हरवलं. काही जण म्हणतात की त्यात मोठे खेळाडू नव्हते म्हणून या विजयाला अर्थ नाही. मला ते पटत नाही. मेजर लीगचे खेळाडू क्युबाकडेही नव्हते, आणि तो संघ वर्षभर एकत्र सराव करणारा होता. डच संघातली काही माणसं नोकरी सांभाळून खेळणारी होती. पुढच्या विश्वचषकाआधी स्पर्धाच बंद झाली, त्यामुळे या चषकाचा शेवटचा विजेता नेदरलँड्स.

2013 ची क्लासिक म्हणजे या संघाची ताकद आणि उणीव एकाच स्पर्धेत. व्यवस्थापक आता म्यूलेन्स. तो बेटांवरची पापियामेंटो, डच, इंग्रजी, स्पॅनिश आणि जपानी बोलतो, आणि बेटांवरचे, युरोपातले आणि आशियात खेळणारे खेळाडू एका खोलीत असताना हे फार उपयोगी पडतं. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाला 5-0. या एका निकालाने कोरियाचं गणित बिघडलं आणि गटात तीन संघ बरोबरीत असताना तोच बाहेर गेला. दुसऱ्या फेरीत टोकियोला क्युबाला 6-2 आणि मग 7-6. त्या दुसऱ्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये सिमन्सने दोन रनांचा होम रन मारून बरोबरी केली आणि नवव्यात कालियन साम्सच्या उंच फटक्यावर विजयी रन आला.

या दोन विजयांच्या मध्ये जपानचा सामना होता. डीगोमार मार्कवेल हा संघाचा पहिला पिचर क्युबाविरुद्ध वापरला गेला होता. जपानसमोर उतरला 38 वर्षांचा रॉब कोर्डेमान्स, देशातल्या लीगचा अनुभवी आणि हुशार पिचर, पण वेग कमी. जपानने सहा होम रन मारले आणि सात इनिंगमध्ये 16-4 असा निकाल लागला. पहिल्या आणि चौथ्या पिचरमधला फरक जपानकडे जवळपास नसतो, नेदरलँड्सकडे प्रचंड असतो. उपांत्य फेरीत सॅन फ्रान्सिस्कोला मार्कवेल पुन्हा ताजा होऊन आला, चार इनिंग टिकला, पाचव्यात डोमिनिकन संघाने चार रन काढले. 4-1.

2017 मध्ये फलंदाजी आणखी बहरली: इस्रायलवर 12-2, क्युबावर 14-1. लॉस एंजेलिसला पोर्तो रिकोविरुद्धची उपांत्य फेरी मात्र बेसवरच्या निष्काळजीपणामुळे हातची गेली, असं मला वाटतं. पहिल्याच इनिंगमध्ये हिट मारून आनंद साजरा करणाऱ्या ज्युरिक्सन प्रोफारला कॅचर याडियर मोलिनाने पहिल्या बेसवर फेकून आउट केलं. लगेच पुढच्या खेपेला व्लादिमिर बालेंटीनने होम रन मारला. प्रोफार बेसवर असता तर दोनऐवजी तीन रन झाले असते. दहा इनिंगनंतर गुणफलक होता 3-3.

अकराव्या इनिंगपासून दोन धावपटू पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर आयते ठेवून सुरुवात करायची, असा तेव्हाचा नियम. दोन्ही संघांनी एकच डाव टाकला: पहिल्या फलंदाजाने बंट करून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच अडवून, धावपटू पुढे सरकवले, आणि समोरच्याने पुढच्या फलंदाजाला मुद्दाम फुकट बेस देऊन तिन्ही बेस भरले. बेस भरण्यामागचं कारण असं की मग कुठल्याही बेसवर धावपटूला स्पर्श न करता आउट करता येतं आणि जमिनीवरच्या फटक्यावर डबल प्ले मिळू शकतो. नेदरलँड्सच्या कर्ट स्मिथचा फटका जमिनीवर गेला, डबल प्ले झाला. पोर्तो रिकोच्या एडी रोसारियोचा हवेत, मध्यभागी खोलवर गेला आणि तिसऱ्या बेसवरून कार्लोस कोरेया घरी आला. 4-3.

2023 चा निकाल समजून घ्यायला कागद-पेन लागतं. तैचुंगच्या गटात पाच संघ होते आणि चार-चार सामन्यांनंतर पाचही संघांचे दोन विजय, दोन पराभव. अशा वेळी दिलेले रन भागिले क्षेत्ररक्षण करताना मिळवलेले आउट, हा भागाकार बघतात. कमी असेल तो वर. क्रिकेटच्या नेट रन रेटसारखंच, पण इथे तुम्ही किती रन काढले याला काहीच किंमत नाही, फक्त किती दिले ते मोजतात.

नेदरलँड्सने क्युबाला 4-2 आणि पनामाला 3-1 हरवलं, तैवानकडून 5-9 असा पराभव झाला. म्हणजे शेवटच्या सामन्याआधी दिलेले रन 12. इटलीविरुद्ध 1-7 हार झाली, एकूण 19. आउट 102, कारण दोन्ही पराभवांत समोरचा संघ आधीच पुढे असल्यामुळे शेवटच्या डावात क्षेत्ररक्षण करायची वेळच आली नाही. 19 भागिले 102 म्हणजे 0.186. इटलीचे 17 भागिले 108 म्हणजे 0.157. क्युबाचे 15 भागिले 108 म्हणजे 0.139. क्युबा आणि इटली पुढे गेले.

आता तोच सामना नेदरलँड्स 1-4 असा हरलं असतं तर? 16 भागिले 102 म्हणजे 0.1569, आणि इटलीचे 0.1574. हरूनही नेदरलँड्स पुढे गेलं असतं. चौथ्या इनिंगमध्ये इटलीने एका दमात सहा रन काढले, तिथे सगळं संपलं. अशा गटात पिचर डळमळू लागला की त्याला नेहमीपेक्षा एक फलंदाज आधीच बदलायचं असतं, कारण पाचवा रन हा पराभवापेक्षा महाग पडतो. आणि त्यासाठी राखीव पिचर चांगले लागतात.

त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपियन अजिंक्यपदही गेलं. व्हेनेझुएला आणि क्युबात जन्मलेल्या खेळाडूंना नागरिकत्वामुळे घेता आलेल्या स्पेनने अंतिम सामन्यात ब्रिटनला 11-2 हरवलं. स्पेनचं हे 1955 नंतरचं पहिलंच विजेतेपद. ब्रिटनच्या संघातही बहामासारख्या बेटांशी नातं असलेले खेळाडू आहेत, इस्रायलकडे अमेरिकी ज्यू खेळाडू आहेत, आणि 2019 मध्ये टोकियो ऑलिंपिकची युरोप-आफ्रिकेची एकमेव जागा इस्रायलनेच पटकावली होती. समुद्रापलीकडच्या खेळाडूंची जी सोय एकेकाळी नेदरलँड्स आणि इटलीपुरतीच होती, ती आता अर्ध्या युरोपकडे आहे. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल परततो आहे, आणि तिथे जागा फक्त सहा संघांना आहेत.